कारखान्याला कुलूप आहे, ई-मेलला आहे का?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या घरात, नात्यात कुणाचा छोटा कारखाना आहे, टॉवेल-चादरीचा, युनिफॉर्मचा, कशाचाही, त्यांनी चहा घेत घेत का होईना, शेवटपर्यंत वाचावी.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा चिंचोळीला एखाद्या युनिटमध्ये जा. गेटला कुलूप, गोडाऊनला कुलूप, ऑफिसात लोखंडी कपाट, वर चार कॅमेरे, रात्री वॉचमन. सुताचा हिशेब किलोवर. आणि ज्या वाटेनं कारखान्यात ऑर्डर येते, बिल जातं, पैशाचा निरोप येतो, त्या ई-मेलचा पासवर्ड? तो मॉनिटरला चिकटवलेल्या कागदावर. नाहीतर कंपनीचं नाव आणि पुढं १२३.

मी काही कंप्युटरचा माणूस नाही. पत्रकार आहे, विचारत राहणं हे माझं काम. गेल्या काही वर्षांत बातमीच्या निमित्तानं अशा बऱ्याच ऑफिसांत बसलोय आणि एक प्रश्न हमखास विचारतो, "तुमचा मेल सर्व्हर कुठं आहे?" दहातले नऊ मालक पोराकडं बघतात, पोरगा अकाउंटंटकडं बघतो आणि अकाउंटंट म्हणतो, "ते आपल्या वेबसाइटवाल्याकडं हाय."

आता ओळखीतल्या एका टॉवेलवाल्यांची गोष्ट. नाव सांगत नाही, कारण त्यांना अजून याच बाजारात धंदा करायचाय. वडिलांनी चार मागांवर सुरू केलेलं काम, यांनी निर्यातीपर्यंत नेलं. परदेशातला एक ग्राहक बरीच वर्षं यांच्याकडनं माल घेतो. एकदा माल बोटीनं गेला, कागदपत्रं गेली, बिल गेलं. पैसे यायची तारीख उलटली. यांनी आठवण केली तर समोरून उत्तर आलं, पैसे आठ दिवसांपूर्वीच भरले, तुम्हीच कळवलेल्या नव्या खात्यात.

यांनी कुठलंच नवं खातं कळवलं नव्हतं.

ग्राहकानं तो मेल परत पाठवला. पत्ता यांचाच, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. बिलाचा नंबर बरोबर, रक्कम बरोबर, बोटीचं नावसुद्धा बरोबर. फक्त बँक वेगळी. "आमच्या नेहमीच्या खात्याचं ऑडिट सुरू आहे, यावेळी या खात्यात भरा," एवढं एकच वाक्य जास्तीचं.

मला म्हणाले, "मेल माझ्याच पत्त्यावरनं गेलाय की हो. मी पाठवला नाही, पोरानं पाठवला नाही. मग काय भुतानं पाठवला?"

भूतबीत काही नव्हतं. कुणीतरी कित्येक दिवस त्यांच्या वेबमेलमध्ये बसून होतं. वेबमेल म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारा मेल. तो ऑफिसातून जसा उघडतो, तसाच जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून उघडतो. पासवर्ड बरोबर असला की सर्व्हरच्या लेखी तो मालकच. "तुमचा मेलबॉक्स भरलाय, इथं लॉगिन करा" असा एक मेल आधी येऊन गेला होता. पान हुबेहूब त्यांच्या वेबमेलसारखं. ऑफिसातल्या कुणीतरी पासवर्ड टाकला, काही झालं नाही, म्हणून विसरूनही गेलं.

चोरानं लगेच काही केलं नाही. तो वाचत राहिला. कोण ग्राहक, कशी भाषा, बिल कधी निघतं, सगळं शिकला. मग मेलच्या सेटिंगमध्ये एक नियम लावला, या ग्राहकाचा मेल आला की इनबॉक्समध्ये न दाखवता कुणी उघडत नाही अशा फोल्डरमध्ये टाकायचा आणि एक प्रत बाहेर पाठवायची. त्यामुळं ग्राहकानं शंका आली म्हणून विचारलं, "खरंच खातं बदललंय का?" तर तो प्रश्नही चोरालाच मिळाला आणि "होय" हे उत्तरही चोरानंच दिलं. मालक इकडं रोज इनबॉक्स बघत होते आणि इनबॉक्स शांत होता.

पुढं काय झालं ते पैशापुरतं राहिलं नाही. ग्राहक म्हणतो, मेल तुमच्या पत्त्यावरून आला, मी पैसे भरले, विषय संपला. हे म्हणतात, माझ्या खात्यात आले नाहीत. बँक विचारते, निर्यातीचा पैसा कुठाय? कारण तो मुदतीत आला नाही तर त्या शिपिंग बिलाची नोंद उघडीच राहते आणि पुढच्या कर्जाला आडवी येते. सूतवाल्यानं उधारी थांबवली. त्या आठवड्याचा कामगारांचा पगार घरातलं सोनं ठेवून झाला. मागावर उभं राहणाऱ्या माणसाला वेबमेल म्हणजे काय हे माहीत असायचं कारण नाही, पण त्याची चूल त्याच तारेला लटकलेली आहे.

"अडाणीपणा, दुसरं काय," असं म्हणणाऱ्यांसाठी दोन मोठी नावं सांगतो. २०१५ साली ओएनजीसीनं सौदी अरामकोला नाफ्था पाठवला आणि त्याचे पैसे भलत्याच खात्यात गेले, अशी तक्रार मुंबईच्या सायबर पोलिसांकडं आली. तेव्हाच्या बातम्यांत आकडा होता १९७ कोटींचा. युक्ती काय, तर खऱ्या पत्त्यातल्या 'ओएनजीसी'ऐवजी 'ओजीएनसी'. दोन अक्षरांची अदलाबदल. दुसरं नाव टेक्निमॉन्ट या इटालियन कंपनीच्या मुंबईतल्या शाखेचं. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथं मुख्य अधिकाऱ्याच्या नावानं मेल आले, गुप्त व्यवहार आहे म्हणून सांगितलं गेलं, बनावट कॉन्फरन्स कॉलसुद्धा झाले आणि सुमारे १३० कोटी रुपये हाँगकाँगच्या खात्यांत गेले. अमेरिकेत एफबीआयकडं २०२३ या एका वर्षात अशा मेल-फसवणुकीच्या २१ हजारांवर तक्रारी आल्या, नुकसान २.९ अब्ज डॉलरच्या घरात. तेव्हा सोलापूरच्या माणसानं लाजून गप्प बसायचं कारण नाही. गप्प बसण्यातच चोराचा फायदा आहे.

सांगायचा मुद्दा असा, की "मेल हॅक झाला" हे आपण एकाच शब्दात उरकतो, पण यात तीन वेगळ्या चोऱ्या आहेत आणि प्रत्येकीचं कुलूप वेगळं आहे.

पहिली चोरी मिळत्याजुळत्या नावाची, ओएनजीसीसारखी. इथं तुमचा सर्व्हर कितीही भक्कम असला तरी उपयोग नाही, कारण चोर तुमच्या घरात आलेलाच नाही. त्यानं शेजारी तशीच पाटी लावलीय. याला एकच उपाय, खातं बदलल्याचा कुठलाही मेल आला की फोन करायचा. तोही मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, जुन्या बिलावरच्या नंबरवर. आणि हे आपल्या ग्राहकालाही आधीच लेखी कळवून ठेवायचं, "आमचं खातं बदललं तर आम्ही मेलवर सांगणार नाही."

दुसरी चोरी तुमच्याच पत्त्याच्या नावानं बाहेरूनच मेल पाठवण्याची. बऱ्याच जणांना हे पटत नाही, पण ई-मेलची मूळ रचना लखोट्यासारखी आहे. लखोट्यावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो. ते रोखायला तीन नोंदी डोमेनवर कराव्या लागतात. एसपीएफ म्हणजे आमची पत्रं कोणकोणत्या पोस्टातून निघतात त्याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे लाखेचं सील. आणि डीमार्क म्हणजे यादीतही न बसणारं आणि सीलही न जुळणारं पत्र आलं तर घेणाऱ्यानं काय करायचं, याची सूचना. नोंदी फुकट आहेत, जाणकाराला फार वेळ लागत नाही. पण खूप ठिकाणी डीमार्क "काही करू नका" या सूचनेवरच सोडलेलं असतं. म्हणजे दाराला कडी आहे, पण लावलेली नाही.

तिसरी चोरी खरोखर आत शिरण्याची. आमच्या टॉवेलवाल्यांची हीच. यात एकतर पासवर्ड चोरीला जातो, नाहीतर सर्व्हरलाच भोक असतं.

सर्व्हरच्या भोकाबद्दल दोन उदाहरणं देतो. स्वस्तातलं होस्टिंग घेतलं की त्याबरोबर वेबमेलसाठी बऱ्याचदा राउंडक्यूब नावाचा प्रोग्रॅम येतो. जून २०२५ मध्ये त्यातली एक मोठी त्रुटी दुरुस्त झाली. एखाद्या साध्या खात्याचा पासवर्ड हातात असला की तिच्या आधारे सर्व्हरवर हवा तो प्रोग्रॅम चालवता येत होता आणि ती त्रुटी त्यात दहा वर्षांपासून होती. दुरुस्ती फुकट मिळाली. पण ती आपल्या सर्व्हरवर कुणीतरी बसवावी लागते. तो "कुणीतरी" कोण, हा आपल्या गावचा खरा प्रश्न आहे.

दुसरं उदाहरण मार्च २०२१ चं, मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजचं. कंपनीच्या स्वतःच्या जागेत ठेवलेल्या मेल सर्व्हरमध्ये वेबमेलच्या वाटेनं, पासवर्ड नसतानाही शिरता येत होतं. जगभर हजारो कंपन्यांत चोर शिरले. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती दिली, पण ती बसवली म्हणजे संपलं असं नव्हतं, कारण आधीच आत शिरलेल्यांनी मागचं दार करून ठेवलं होतं. शेवटी एप्रिलमध्ये अमेरिकेत एफबीआयनं कोर्टाची परवानगी घेऊन शेकडो सर्व्हरवरची ती मागची दारं स्वतः काढली. मालकांना पत्ताच नव्हता, म्हणून सरकारला हात घालावा लागला. आपल्याकडं असं कोण करणार?

म्हणून म्हणतो, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा कमी आणि मालकीचा जास्त आहे. छोट्या कंपनीच्या मेलला मालकच नसतो. डोमेन नोंदवलं वेबसाइट करून देणाऱ्या पोरानं, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइलवर. तो पोरगा आता पुण्यात नोकरीला. होस्टिंग दर वर्षी कुणाच्या तरी कार्डावरनं रिन्यू होतं. दोन वर्षांपूर्वी काम सोडलेल्या सुपरवायझरचं खातं अजून चालू. वेबसाइट आणि मेल एकाच होस्टिंगवर, आणि वेबसाइटला पाच वर्षांत कुणी हात लावलेला नाही. ती जुनी वेबसाइट फुटली तर त्याच जागेत ठेवलेले मेलही वाचले जाऊ शकतात. जमिनीचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे म्हटलं तर आपण रात्रभर झोपणार नाही. डोमेनचं मात्र चालतं.

तेव्हा मालकांनो, काय करायचं ते जाणकारांना विचारून साध्या भाषेत लिहितोय.

एक. डोमेन आणि होस्टिंग कंपनीच्या नावावर करून घ्या, त्याचा मेल आणि मोबाइल मालकाचा. रिन्यूची तारीख दिनदर्शिकेवर.

दोन. प्रत्येकाचं खातं वेगळं, प्रत्येक पासवर्ड लांब आणि वेगळा. माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी खातं बंद. गेटपास परत घेतो तसं.

तीन. पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोड मागणारी दुसरी पायरी सुरू करा, निदान मालक, अकाउंट आणि निर्यात बघणाऱ्यांसाठी. आमच्या टॉवेलवाल्यांकडं ही पायरी असती तर चोराला नुसत्या पासवर्डवर आत येणं अवघड गेलं असतं. पण तो कोड कुणी मागितला तर सांगायचा नाही, ओटीपीसारखंच.

चार. महिन्यातनं एकदा मेलच्या सेटिंगमधले नियम, फिल्टर आणि फॉरवर्डिंग उघडून बघा. आपण न लावलेला नियम दिसला, तर समजा घरात कुणीतरी आहे. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. नियम काढा, सगळीकडचं लॉगिन बंद करा, मग पासवर्ड बदला. आणि काढण्याआधी त्याचे फोटो घ्या, पुरावा म्हणून लागतात.

पाच. स्वतःचा सर्व्हर चालवत असाल तर त्याला माणूस ठेवा. अपडेट वेळच्या वेळी, सर्व्हरचं नियंत्रण करणारं पान साऱ्या जगाला उघडं नको, चुकीचे पासवर्ड मारत बसणाऱ्याला आपोआप अडवायची सोय, बॅकअप वेगळ्या जागी आणि कोण कधी कुठून आत आलं त्याच्या नोंदी जपून. हे सगळं करायला माणूस नसेल, तर स्वतःचा सर्व्हर ठेवण्याचा हट्ट सोडा आणि मेल भाड्यानं घ्या. यात कमीपणा नाही. केंद्र सरकारनंसुद्धा आपल्या कर्मचाऱ्यांच्या मेलचं काम झोहोकडं सोपवलंय. मात्र भाड्याच्या घरालाही कुलूप आपणच लावायचं असतं, पहिली चार कामं सुटत नाहीत.

आता घटना घडल्यावर काय? देशातल्या खात्यात पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. पैसा पुढं सरकण्याआधी बँकेत अडवण्यासाठीच ती व्यवस्था आहे आणि तिथं एकेक तास मोलाचा आहे. पैसा परदेशातून परदेशात गेला असेल तर ग्राहकाला त्याच वेळी त्याच्या बँकेत पळवा आणि इकडं तुम्हीही तक्रार द्या. "पैसे तुमचे नाहीत, मग तक्रार तुमची कशी?" असा प्रश्न टॉवेलवाल्यांना ऐकावा लागला. त्याचं उत्तर असं, की माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरणं हा ६६ क आणि कंप्युटरवर दुसऱ्याच्या नावानं फसवणं हा ६६ ड खाली स्वतंत्र गुन्हा आहे. ओळख तुमची चोरीला गेलीय. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेप्रमाणं गुन्हा कुठंही घडला तरी त्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. नुकसानभरपाईसाठी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढं पाच कोटींपर्यंत दावा मांडता येतो. मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यातल्या एकाही कारखानदाराला ही सोय माहीत नव्हती.

आणखी एक. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानं केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेनं कंपन्यांना अशा घटना सहा तासांत कळवायला आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपायला सांगितलंय. लघुउद्योगांना सप्टेंबर २०२२ पर्यंत सवड दिली होती, ती केव्हाच संपली. नियम दिल्लीत झाला. पण ज्याला आपला सर्व्हर कुठं आहे हेच माहीत नाही, तो सहा तासांत काय कळवणार आणि कुठल्या नोंदी जपणार?

इथं आपल्या व्यवस्थेकडं बोट दाखवावंच लागेल. कर्ज देताना बँक स्टॉकचा विमा विचारते, आगीची व्यवस्था विचारते, मेलबद्दल कधी विचारत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस-एनईएफटी करताना समोरच्या खातेदाराचं नाव आधी दिसायची सोय झालीय, फार चांगली गोष्ट आहे. पण ती वापरा म्हणून काउंटरवर कुणी सांगत नाही. उद्योगाच्या मेळाव्यात सबसिडीवर तासभर बोललं जातं, सुरक्षेवर शेवटची पाच मिनिटं, जेवण तयार झालेलं असताना.

माझं मागणं मोठं नाही. तीस-चाळीस युनिटनी मिळून एक जाणकार माणूस ठेवावा, जसा अनेकांचा मिळून एक सीए असतो. यंत्रमागवाल्यांच्या, गारमेंटवाल्यांच्या संघटनांनी यात पुढाकार घ्यावा, जिल्हा उद्योग केंद्रानं त्यांना जागा आणि थोडा पैसा द्यावा. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरतात, त्यांना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली या युनिटच्या डोमेनवरच्या त्या तीन नोंदी तपासायला लावा. पोरांना काम कळेल, मालकांना आपलं भोक कळेल.

हे आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. १८७७ साली इथं जुनी मिल सुरू झाली, तेव्हापासून या गावानं वाफ शिकली, वीज शिकली, यंत्रमाग शिकला, पुढं रॅपियरही शिकला. मशीन बिघडलं तर आवाजावरनं दोष सांगणारी माणसं आपल्याकडं आहेत. मेलचं मशीन बिघडलं तर आवाज येत नाही, एवढाच फरक आहे. म्हणून ते उघडून बघावं लागतं.

टॉवेलवाल्यांचे पैसे अजून आलेले नाहीत. ग्राहकाबरोबर अर्धं-अर्धं नुकसान सोसायचं बोलणं सुरू आहे. धंदा चालू आहे, माग चालू आहेत.

आज संध्याकाळी युनिट बंद करताना कुलूप ओढून बघाल, तेव्हा अकाउंटंटला थांबवा आणि एवढंच सांगा, "आपल्या मेलचं फॉरवर्डिंगचं पान उघडून दाखव बरं." पाच मिनिटांचं काम आहे. पान कुठं असतं हेच त्याला माहीत नसेल, तर उद्या सकाळचं पहिलं काम तेच.

कुणाबरोबर असं घडलं असेल तर इनबॉक्समध्ये कळवा, नाव कुठंही येणार नाही. आणि पोस्ट कारखानदारांच्या ग्रुपवर नक्की टाका.